ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही

आधी एक कोडं घालतो.

१९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ नावाचा कॉम्प्युटर आला. शिवणयंत्राच्या पेटीएवढा, वजन दहा-अकरा किलो, पण कडी धरून उचलून नेता यायचा. किंमत १७९५ डॉलर. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्याला टक्कर द्यायला केप्रो-२ आला. किंमत तीच, १७९५ डॉलर. प्रोसेसर दोघांचा एकच, झायलॉगचा झेड-८०. ऑपरेटिंग सिस्टिम एकच, डिजिटल रिसर्चची सीपी/एम. दोघांनाही सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन-दोन ड्राइव्ह.

आता समजा तुम्ही ऑस्बोर्नवर एक पत्र टाईप केलंत, फ्लॉपीवर सेव्ह केलंत आणि ती फ्लॉपी शेजाऱ्याच्या केप्रोमध्ये घातलीत. काय होईल?

काही नाही. फ्लॉपी आत जाईल, मोटर फिरेल, थोडा खरखराट होईल आणि स्क्रीनवर ‘बॅड सेक्टर’ असा काहीतरी निरोप येईल. पत्र जसंच्या तसं फ्लॉपीवर असतं, फ्लॉपीला काहीही झालेलं नसतं. तरी मशीन म्हणतं, हिच्यात खोट आहे.

पुढे विंडोजने आणि मॅकने यावर कडी केली. ओळखीची नसलेली डिस्क दिसली की विंडोज म्हणायचं, ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता करायची का?’ मॅकचा प्रश्न साधारण तसाच. खरं उत्तर असायला हवं होतं, ‘मला ही भाषा येत नाही.’ त्याऐवजी मशीन म्हणायचं, ‘यावर काही लिहिलेलंच नाही, पुसून टाकू?’ एखाद्याला मोडी वाचता येत नाही म्हणून त्याने आजोबांच्या कागदांना कोरे कागद म्हणावं, तसाच हा प्रकार. आणि एंटर दाबायला कितीसा वेळ लागतो?

हा घोळ झाला कसा, आणि लोकांनी त्यातून वाट कशी काढली, याची ही गोष्ट.

सुरुवातीला घोळ नव्हताच. फ्लॉपी जन्माला आली आयबीएममध्ये. १९७१ साली सिस्टिम/३७० या मेनफ्रेममध्ये मायक्रोकोड भरण्यासाठी आठ इंची, फक्त वाचता येणारी डिस्क निघाली. मग १९७३ मध्ये ३७४० ही डेटा एंट्रीची यंत्रणा आली, आणि तिच्यासाठी लिहिता-वाचता येणारी डिस्क. पंच कार्डांची सद्दी संपवायची हा हेतू. या डिस्कवर ७७ ट्रॅक, दर ट्रॅकवर २६ सेक्टर, दर सेक्टरमध्ये १२८ बाईट. ८० अक्षरांचं एक कार्ड एका सेक्टरमध्ये आरामात मावायचं. गुणाकार केला तर २,५६,२५६ बाईट, म्हणजे २५० केबी.

हा फॉरमॅट आयबीएमचा, त्यामुळे बाकीच्यांनी निमूटपणे उचलला. गॅरी किल्डॉलने १९७४ साली सीपी/एम लिहिली ती आठ इंची ड्राइव्हसाठीच, आणि सीपी/एममध्ये फाईलचा हिशोब शेवटपर्यंत १२८ बाईटच्या तुकड्यांत राहिला तो यामुळेच. आठ इंची डिस्क एका कंपनीच्या मशीनमधून काढून दुसरीच्या मशीनमध्ये घातली तर बहुतेक वेळा वाचता यायची.

मग १९७६ साली शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची ड्राइव्ह आणला, एसए-४००. लहान, स्वस्त, ३५ ट्रॅकचा. घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्या सगळ्यांच्या त्यावर उड्या पडल्या. फक्त या आकारासाठी आयबीएमचा फॉरमॅट नव्हता. खुद्द आयबीएमचा पीसी यायला अजून पाच वर्षं होती. वडीलधारं माणूस घरात नसलं की जे होतं ते झालं. ज्याने त्याने आपापला फॉरमॅट काढला.

‘फॉरमॅट’ या एका शब्दात किती गोष्टी येतात ते जरा बघू. इंजिनियर मंडळींना हे ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी थोडं सोपं करून सांगतो.

पहिली गोष्ट, बिट चुंबकीय खुणांमध्ये कसे लिहायचे. जुनी पद्धत एफएम, म्हणजे सिंगल डेन्सिटी. नंतरची एमएफएम, म्हणजे डबल. ऑस्बोर्न-१ पहिल्या पद्धतीने लिहायचा, केप्रो-२ दुसऱ्या. दुसरी, ट्रॅक किती आणि सेक्टर केवढे. ऑस्बोर्नवर ४० ट्रॅक, १० सेक्टर, २५६ बाईटचे, म्हणजे १०० केबी. केप्रोवर ४० ट्रॅक, १० सेक्टर, पण ५१२ बाईटचे, म्हणजे २०० केबी. काही कंपन्या, उदाहरणार्थ नॉर्थ स्टार, डिस्कला जागोजाग भोकं पाडून सेक्टर कुठे सुरू होतो ते दाखवायच्या. ती डिस्क तर दुकानातूनच वेगळी विकत घ्यावी लागायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मजेदार वाटते. एक सेक्टर वाचून त्याचं काय करायचं ते करेपर्यंत डिस्क फिरून पुढे गेलेली असते. लगेचचा सेक्टर हातातून निसटतो आणि अख्खा एक फेरा वाट बघावी लागते. म्हणून सेक्टर ओळीने न वापरता मधले काही सोडून वापरायचे. आठ इंची सीपी/एम डिस्कवर सहा-सहाच्या उड्या होत्या. सव्वापाच इंचीवर ज्याची त्याची उडी वेगळी. ही उडी चुकली तर डिस्क वाचली जाते, एररही येत नाही, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदानंतर चौथा, मग सातवा असं काहीतरी समोर येतं. म्हणजे शब्द सगळे ओळखीचे, आणि अर्थाचा पत्ता नाही.

चौथी गोष्ट, सुरुवातीचे किती ट्रॅक सिस्टिमसाठी राखीव, फाईलींची यादी कुठे, आणि जागा वाटून द्यायचा ब्लॉक केवढा. सीपी/एमच्या यादीत दर नोंद ३२ बाईटची. त्यात फाईलचं नाव (आठ अक्षरं अधिक तीन, डॉसमध्ये दिसतं तेच) आणि ती कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे त्यांचे क्रमांक. आता ‘ब्लॉक १७’ म्हणजे डिस्कवर नेमकं कुठे? ब्लॉक एक केबीचा की दोन केबीचा हे माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. ही माहिती डिस्कवर नसायची! ती असायची कॉम्प्युटरमध्ये, त्याच्या बायोसमधल्या एका छोट्या तक्त्यात. डिस्क स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नसे. तिला वाचायची किल्ली दुसऱ्याच घरात ठेवलेली होती.

यात किल्डॉलला दोष देता येणार नाही. उलट त्याची कल्पना फार चांगली होती. हार्डवेअरशी संबंध येणारा सगळा भाग त्याने बायोसमध्ये वेगळा काढला आणि तो लिहायचं काम मशीन बनवणाऱ्याकडे दिलं. त्यामुळे वर्डस्टारसारखा प्रोग्रॅम शेकडो वेगवेगळ्या मशीनवर चालू शकला. पण त्याच कारणाने डिस्कची रचनाही मशीनवाल्याच्या मर्जीवर गेली. प्रोग्रॅम कुठेही चालणार, पण तिथवर पोचणार कसा? न्यूयॉर्कची लाईफबोट असोसिएट्स सीपी/एमचं सॉफ्टवेअर विकायची. तिच्या कॅटलॉगात कॉम्प्युटरच्या नावापुढे डिस्क फॉरमॅटचा कोड छापलेला असे. एकच माल, आणि त्याची डझनावारी वेष्टनं.

सीपी/एमच्या बाहेर तर आणखी मजा. स्टीव्ह वॉझनियाकने १९७८ मध्ये अॅपल-२ साठी डिस्क-२ ड्राइव्ह बनवला. चिप वाचवण्यात हा माणूस वस्ताद. नेहमीच्या कंट्रोलरचं बरंचसं काम त्याने सॉफ्टवेअरवर ढकललं आणि बिट लिहायची पद्धतही वेगळी घेतली, जीसीआर नावाची. आधी ट्रॅकवर १३ सेक्टर बसायचे, १९८० पासून १६ बसायला लागले आणि डिस्क १४० केबीची झाली. हुशारीचं काम, पण आयबीएम पीसीमधल्या कंट्रोलर चिपला जीसीआर समजतच नाही. म्हणजे इथे सॉफ्टवेअर बदलून काही उपयोग नाही, प्रश्न चिपच्या कानाचा आहे.

१९८४ साली मॅकिंटॉश आला तो साडेतीन इंची डिस्क घेऊन. त्यात ड्राइव्हचा वेगच बदलता होता. बाहेरचे ट्रॅक लांब, म्हणून तिथे १२ सेक्टर, आणि आत येता येता ११, १०, ९, ८. प्रत्येक पट्ट्यात १६ ट्रॅक. बेरीज केली तर ८०० सेक्टर, ४०० केबी. पुढे दोन्ही बाजू वापरून ८०० केबी. पीसीवाल्यांनी तीच साडेतीन इंची डिस्क एकाच वेगाने फिरवली आणि त्यांना मिळाले ७२० केबी. दुकानात एकाच खोक्यातून घेतलेल्या दोन डिस्का, पण एकदा फॉरमॅट झाल्या की एकमेकींना परक्या. १९८८ मध्ये अॅपलने सुपरड्राइव्ह आणला तेव्हा कुठे मॅकला पीसीच्या डिस्क वाचता यायला लागल्या.

बरं, पीसी-पीसीमध्ये तरी सलोखा होता का? तर नाही! १९८४ च्या पीसी/एटीमध्ये १.२ एमबीचा ड्राइव्ह होता, ८० ट्रॅकचा. आधीच्या पीसी आणि एक्सटीमध्ये ३६० केबीचा, ४० ट्रॅकचा. ज्या लॅबमध्ये एक्सटी आणि एटी शेजारी शेजारी होत्या तिथल्या मंडळींना हा अनुभव असेल. एक्सटीवरची फ्लॉपी एटीमध्ये वाचता यायची, पण एटीवर तिच्यात काही लिहून परत आणलं की एक्सटी रुसायची.

कारण अगदी साधं आहे. एटीच्या ड्राइव्हचं हेड अरुंद, एक्सटीचं रुंद. रुंद ब्रशने रंगवलेल्या पट्ट्यावर मधोमध अरुंद ब्रश फिरवला तर दोन्ही कडांना जुना रंग उरतोच. एटीने नवीन मजकूर पट्ट्याच्या मध्यावर लिहिला, कडांना जुना राहिला. एक्सटीच्या रुंद हेडला नवा-जुना दोन्ही एकदम ऐकू यायचे आणि काहीच कळायचं नाही. इथे फॉरमॅट सारखा, फाईल सिस्टिम सारखी, फरक होता फक्त मिलिमीटरच्या काही अंशांचा.

आता उपाय.

पहिला उपाय, दुभाषी. किल्ली मशीनमधल्या तक्त्यात असेल तर असे सगळे तक्ते एका ठिकाणी गोळा करायचे. मायक्रो सोल्यूशन्सचा यूनिफॉर्म, सायडेक्सचा २२डिस्क हे प्रोग्रॅम नेमकं हेच करायचे. डिस्क घातली की सांगायचं, ‘ही केप्रोची’ किंवा ‘ही ऑस्बोर्नची’, आणि प्रोग्रॅम त्याप्रमाणे वाचायचा. २२डिस्कला शेकडो फॉरमॅट ठाऊक होते. कोणीतरी बसून एकेका मशीनचे सेक्टर, उड्या, ब्लॉक हे सगळं शोधून काढून लिहून ठेवलं. कंटाळवाणं काम, पण आज त्या यादीची किंमत सोन्यासारखी आहे. कारण ती मशीन्स गेली, तक्ते उरले.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, डिस्कचं नावच सोडून देणं. दोन मशीन्सचं डिस्कवर एकमत होत नाही ना? मग ज्यावर होतं ते धरा. सिरियल पोर्ट जवळजवळ सगळ्यांकडे होता. २५ पिनांच्या कनेक्टरमधल्या तीनच तारा पुरायच्या. २ आणि ३ नंबरची अदलाबदल करायची, ७ नंबर सरळ जोडायची, झाली नल मोडेम केबल. एका बाजूचं मशीन आपली डिस्क आपल्या पद्धतीने वाचणार आणि तारेवर नुसते बाईट पाठवणार. दुसरं ते घेऊन स्वतःच्या पद्धतीने लिहिणार. एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही. १२०० बॉडला सेकंदाला साधारण १२० अक्षरं, म्हणजे ऑस्बोर्नची १०० केबीची फ्लॉपी जायला चौदा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात चहा होतो.

तारेवर एखादं अक्षर बिघडलं तर ते पकडायला प्रोटोकॉल हवा. वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये एक्समोडेम केला. त्यात १२८ बाईटचे तुकडे जायचे. आकडा ओळखीचा वाटतोय ना? १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्स यांनी कर्मिट केला. विद्यापीठाच्या मोठ्या मशीनवर विद्यार्थ्यांना द्यायला डिस्कवर पुरेशी जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपापल्या फाईली मायक्रोकॉम्प्युटरच्या फ्लॉपीवर नेऊन ठेवाव्यात ही त्यामागची गरज. कर्मिटने समोरच्या मशीनबद्दल जवळजवळ काहीच गृहीत धरलं नाही. प्रत्येक पॅकेट छापता येण्याजोग्या साध्या अक्षरांत. त्यामुळे तो मेनफ्रेमपासून घरगुती कॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे चालला.

तिसरा उपाय, डिस्कला स्वतःबद्दल बोलायला लावणं. याची सुरुवात डॉसने केली, आणि तीही चाचपडतच. फॅटच्या पहिल्या बाईटमध्ये डिस्कचा प्रकार लिहायचा, १६० केबीला एक आकडा, ३६० केबीला दुसरा. पण पुढे १.२ एमबी आणि ७२० केबी या दोन अगदी वेगळ्या डिस्कना एकच आकडा दिला गेला! एका बाईटवर भागेना. डॉस २.० पासून (१९८३) बूट सेक्टरमध्ये एक तक्ता आला, सेक्टर केवढा, ट्रॅकवर किती, फॅट किती, यादी केवढी हे सांगणारा. जो तक्ता सीपी/एमने मशीनमध्ये ठेवला होता तोच आता डिस्कवर आला. आजचे पेन ड्राइव्ह एकमेकांच्या लॅपटॉपला सहसा न भांडता चालतात त्याला ही वहिवाट बरीचशी कारणीभूत आहे.

पण फाईल पोचली म्हणजे काम संपलं असं नाही. वर्डस्टार दर शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा वरचा बिट चालू करून ठेवायचा, ओळी जुळवण्याच्या सोयीसाठी. ती फाईल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली की प्रत्येक शब्दाचं शेपूट चित्रविचित्र. ज्याला ही खोड ठाऊक आहे तो एका मिनिटात साफ करेल, ज्याला नाही तो फाईल खराब झाली म्हणून टाकून देईल.

हे सगळं आज का सांगायचं? कारण अशा डिस्क अजून कपाटांतून निघताहेत. ‘स्टार ट्रेक’वाले जीन रॉडनबेरी १९९१ मध्ये वारले. त्यांच्यामागे सुमारे २०० सव्वापाच इंची फ्लॉप्या उरल्या. त्यांची मशीन्स खास बनवून घेतलेली, सीपी/एमवर चालणारी, आणि फॉरमॅट कोणालाच ठाऊक नाही. कॅलिफोर्नियाच्या ड्राइव्हसेव्हर्स कंपनीने तो उलगडण्यासाठी स्वतः सॉफ्टवेअर लिहिलं आणि २०१६ मध्ये डेटा मिळाल्याचं जाहीर केलं. जॉर्डन मेकनरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या डिस्कांवर सापडला. तो अॅपल-२ च्या जाणकारांनी तीच जुनी मशीन्स वापरून काढून दिला. अँडी वॉरहॉलने १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रं २०१४ मध्ये कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर क्लबने बाहेर काढली. तिथे डिस्क वाचून झाल्यावरही चित्रांचा फॉरमॅट अनोळखी निघाला. एक कुलूप उघडलं की आत दुसरं.

आता क्रायोफ्लक्स, ग्रीजवीझल अशी छोटी सर्किट मिळतात. ती जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडतात आणि डिस्कवरचा मजकूर समजून घ्यायच्या फंदातच पडत नाहीत. दोन चुंबकीय बदलांमध्ये किती वेळ गेला एवढंच टिपून घेतात. आधी ठसा घ्या, भाषा नंतर शोधू. एफएम, एमएफएम, जीसीआर, सगळ्यांना तेच लागू.

आपल्याकडे याचं एक भावंड आहे. नव्वदच्या दशकात मराठीतली किती पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका डीटीपीवर जुळवल्या गेल्या. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे क्रमांक वेगळे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती विंडोजवर चालतेही, पण छापखान्यांचं काम पुढे बरीच वर्षं जुन्या फॉन्टवरच होतं. त्या फाईलीतला मजकूर नुसता उचलून ठेवला आणि फॉन्टचं नाव हरवलं, की समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग उरतो. ऑस्बोर्नच्या डिस्कचं दुखणं ते हेच. मजकूर आहे, पण वाचायची किल्ली दुसरीकडे. फरक इतकाच की केप्रोचा तक्ता कोणीतरी लिहून ठेवला. एखाद्या बंद पडलेल्या छापखान्यात कोणत्या फॉन्टची कोणती आवृत्ती होती हे तिथे काम केलेल्या माणसालाच ठाऊक, आणि तीही मंडळी आता साठीच्या पुढे गेली.

म्हणून शेवटी चार कामाच्या गोष्टी. घरात फ्लॉप्या निघाल्या तर आधी लेबल वाचा आणि लेबलाचा फोटो काढा. त्या कोणत्या मशीनवर, कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणत्या फॉन्टमध्ये केल्या हे सांगणारं कोणी हयात असेल तर आजच फोन करा. राईट प्रोटेक्टची पट्टी लावा किंवा खटका सरकवा. डिस्कवर बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालू नका, डिस्कही जाते आणि हेडही. शक्य असेल तर ग्रीजवीझलसारख्या सर्किटने ठसा घेऊन ठेवा, वाचायचं नंतर बघता येईल.

आणि कॉम्प्युटरने विचारलं, ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?’ तर कॅन्सल दाबा.